मे महिन्यातला स्पीड

परीक्षा संपून आठवडा झाला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुपारी एक खास शांतता उतरते. जिन्यात बॅट आपटल्याचा आवाज नाही, कुणाच्या कुकरची शिट्टी नाही. निम्मी इमारत गावाला गेलेली असते. उरलेली निम्मी पडदे ओढून, पंखा पाचावर ठेवून, पन्हं पिऊन आडवी झालेली असते. मला ही शांतता फार आवडते. अकरा महिने ज्या शहराशी मी कचाकचा भांडते, त्याचा मे महिन्यात मला पुळका येतो.

काल अशाच दुपारी लेक आतून ओरडली, "आई, नेट मेलंय!"

मेलं वगैरे काही नव्हतं. तिच्या मोबाइलवरचा व्हिडिओ क्षणभर अडकला होता, ते गोल फिरणारं चक्र दिसलं होतं, एवढंच. मी चष्मा शोधून नाकावर घेईपर्यंत तो सुरूही झाला. मला हसू आलं.

"हसतेस काय?"

"काही नाही गं. आम्ही एका फाइलसाठी सबंध मे महिना घालवला होता, ते आठवलं."

"एका फाइलसाठी? का? नेट नव्हतं तेव्हा?"

"नेट होतं. स्पीड नव्हता."

तिने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं आणि कानात परत इअरफोन खुपसले. आता मला सांगायची लहर आली होती आणि ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर बोरीवलीचं. मुलुंड आणि बोरीवली यांच्या मधे एक सबंध जंगल आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या जंगलाचा डोंगर दिसतो, आणि डोंगराच्या पलीकडे आई. पाखराला जवळच असेल ते, मला मात्र घोडबंदरचा वळसा घालून, ट्रॅफिकला शिव्या घालत जावं लागतं. पण मे महिन्यात डोंगराच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा सडा, पाड्यांवरून आलेल्या बायकांच्या टोपल्यांत करवंदं आणि रांजणाची पिवळी फळं, गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातलेल्या मिरच्या. बोरीवलीच्या आमच्या गच्चीवर मिरच्यांच्या राखणीला माणूस बसवावं लागे, कारण डोंगरातली माकडं यायची. मिरच्या ती खात नसत, नुसत्या उधळून देत. काही पाहुणेही असेच असतात.

त्या वर्षी माझी बारावी संपली होती. प्रवेश परीक्षाही आटोपल्या होत्या. निकालाला वेळ होता, त्यामुळे चिंता करायलाही सवड होती आणि न करायलाही. अशा रिकाम्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्यांना हेमंतदादाची मेल आली.

हेमंतदादा पहिल्या मजल्यावरचा. त्याच्या बाबांकडे आमच्या इमारतीतला पहिला व्हिडिओ कॅमेरा होता आणि गणपतीतला प्रत्येक कार्यक्रम ते चित्रित करायचे. पुढे दादा मस्कतला नोकरीला लागला, आईबाबांना घेऊन गेला, कॅसेटीही गेल्या. आता त्या खराब व्हायला लागल्या म्हणून त्याने सगळ्या कम्प्युटरवर चढवल्या होत्या. ही भलीमोठी फाइल झाली. मेलने जाईना. मग त्याने ती टोरंटवर टाकली आणि लिहिलं, "सगळ्यांनी मिळून घ्या."

ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी सांगते. टोरंटमध्ये फाइल अख्खी येत नाही. तिचे बारीक बारीक तुकडे होतात आणि जसे मिळतील तसे येत राहतात. एकाला आधी शेवट मिळतो, दुसऱ्याला मधलाच भाग. आणि ज्याला जो तुकडा मिळाला, तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. घेणारा तोच देणारा. ऐकायला सोपं आहे.

इमारतीत धांदल उडाली. कुणाला आपल्या मुलाचा सशाचा नाच बघायचा होता, कुणाला आपले लांब केस. पण खरी निकड होती परबकाकूंची.

परबकाकू आमच्या समोरच्या दारात. कुडाळच्या बाजूच्या. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुठल्याशा ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले. घरात अगदी अबोल माणूस. कामावरून आले की पेपर उघडायचे आणि त्यामागे नाहीसे व्हायचे. पण वर्षातून एकदा, सोसायटीच्या गणपतीत, हाच माणूस राणी व्हायचा. कोकणातल्या दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि लिहून ठेवलेलं नाटक नसतं. गोष्ट तेवढी ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने स्टेजवर उभं राहून तिथल्या तिथे रचायचं. काका काकूंचा लग्नातला शालू नेसून मंडपात यायचे आणि माणसं हसून हसून खुर्चीतून पडायची. मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त तो हशा आठवतो.

शालू नेसवायच्या काकू. नेसवून झालं की सेफ्टी पिनांचा डबा घेऊन विंगेतच बसून राहायच्या, कारण नाचताना काकांच्या निऱ्या सुटायच्या. तिथे पेटी-मृदंगाच्या आणि हशाच्या गोंगाटात बोलणंही धड ऐकू यायचं नाही. दर वर्षी हेच. त्यामुळे सबंध सोसायटीने काकांचं काम बघितलं, एकट्या काकूंनी नाही. काका गेल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. काकूंचे गुडघे गेले होते, आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून मे संपता संपता त्या कायमच्या गावी बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. गाडीचं तिकीट काढून झालं होतं. तिथे नेट तर सोडाच, फोनची रेंज मिळवायलाही टेकडीवर जावं लागायचं.

मेलची बातमी आईने त्यांना सांगितली तेव्हा काकू करवंदं निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या.

"माका येकदा समोरसून बघूचा आसा गो," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर पाठसूनच बघलंय."

बस्स, मग आमच्या घराचं ठरलं. काकू जायच्या आत फाइल आलीच पाहिजे.

आणि सुरू झाले स्पीड वाढवायचे उपाय. या कामातला आमचा वैदू म्हणजे निखिल, चौथ्या मजल्यावरचा, माझ्याच वर्गातला. तो रोज कुठून तरी नवीन काहीतरी वाचून यायचा.

"अगं, तुझं पोर्ट बंद आहे ना!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे दार समज. बाहेरचे लोक येऊन ठोठावतायत आणि तू आतून कडी लावून बसलीयस. मग देणार कोण तुला, घंटा?"

त्याने दार उघडलं. स्पीड थोडा वाढला. मग त्याने एका वेळी किती जणांशी जोडायचं तो आकडा बदलला. थोडा आणखी वाढला, मग पडला. मोडेम तापतं म्हणून बाबांनी देवघरातला छोटा टेबलफॅन त्याच्यावर लावला आणि देवांना उकाड्यात ठेवलं. केबलवाल्याला बोलावलं. त्याने गच्चीवरच्या पेटीत डोकं घालून जाहीर केलं, "भाभी, सिग्नल तो एकदम झकास है. आपका कम्प्युटरही थक गया है." आईने त्याला पन्हं दिलं आणि तो गेल्यावर त्याचा उद्धार केला.

येता-जाता सगळे त्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघायचे, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघतात तसे. बाबा अंघोळीहून येताना विचारत, "कुठवर आलं?" कुठेच आलेलं नसायचं. मे सरत आला तरी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे. त्यातच हेमंतदादाची दुसरी मेल आली. तो घर बदलत होता, कम्प्युटर खोक्यात जाणार होता. "माझ्याकडून सगळे तुकडे कुणाकडे ना कुणाकडे पोचलेत. आता तुमच्या-तुमच्यात मिळेल."

ते वाक्य आम्ही कुणीच नीट वाचलं नाही. आम्हाला एवढंच कळलं की वेळ कमी आहे.

यावर आईने तोडगा काढला. आमच्या सोसायटीत पाण्याची एक रीत होती. वरच्या मजल्यावर पाणी चढेनासं झालं की कुणीतरी जिन्यात उभं राहून हाक मारायचं, "ओ, खालचे नळ बंद करा हो!" खालचे बिचारे बादल्या अर्ध्या टाकून नळ बंद करायचे आणि वर धार लागायची. आईने तेच केलं. जिन्यात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ, सगळ्यांनी आपापली टोरंटं बंद करा! आधी काकूंचं होऊ दे!"

आमची माणसं भांडकुदळ असतील, पण अशा वेळी नाही म्हणत नाहीत. घराघरांतून "हो, केलं" आलं. जे गावाला निघाले होते त्यांनी तर कम्प्युटरच्या वायरी उपटून, वर चादरी घालून बॅगा उचलल्या. जाताना आवर्जून सांगून गेले, "आमचं बंद केलंय हं. काकूंना म्हणावं, आता सुसाट येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीड शून्य होता. कमी नव्हे, शून्य. पट्टी गोठून बसली.

निखिल आला, बघितलं आणि डोक्याला हात लावला. "वाट लागली यार. काकू, तुम्ही सगळ्यांना बंद करायला सांगितलंत?" या काकू म्हणजे माझी आई.

"मग? त्यांचं बंद केल्याशिवाय आपल्याला कसं येणार?"

"अहो, नळाचं पाणी एकाच टाकीतून येतं. हे टाकीतून नाही येत. हे त्यांच्याच घरातून येत होतं! हेमंतदादा गेला, आता जे तुकडे आहेत ते या लोकांकडेच आहेत."

आईचा आवाज उतरला. तिचा आवाज उतरणं हा आमच्या घरात दुर्मीळ प्रसंग. मग हळूच म्हणाली, "म्हणजे विरजणासारखं. सगळ्यांनीच दही संपवून भांडी घासून टाकली तर विरजण मागायचं कुणाकडे?"

खरं तर असंच होतं. फाइल कुणाच्याच घरी पूर्ण नव्हती, आणि सगळ्यांच्या घरी मिळून पूर्ण होती. माझ्याकडे नव्हता तो तुकडा खाली सामंतांकडे, त्यांच्याकडे नव्हता तो वर गोगट्यांकडे. आणि आम्ही चांगुलपणाने सगळ्यांची दारं लावून घेतली होती. मी आजवर वाईट हेतूने झालेला गोंधळ पुष्कळ पाहिला, पण चांगुलपणाने झालेला गोंधळ निस्तरायला जास्त कठीण असतो, कारण ओरडणार कुणावर?

जे घरी होते त्यांनी लगेच चालू केलं. पण निम्मी इमारत तर गावाला. कुलूपबंद घरं, वायरी उपटलेल्या, चादरी पांघरलेल्या.

त्या कुलपांच्या किल्ल्या परबकाकूंकडे होत्या.

हेही आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं. गावाला जाताना किल्ली काकूंकडे द्यायची, त्या रोज प्रत्येक घरी जाऊन तुळशीला पाणी घालायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तरी त्यांनी ते काम कुणाला दिलं नव्हतं. आम्ही गावोगावी फोन लावले. देवगडला, चिपळूणला, सांगलीला. प्रत्येकाने आधी विचारलं, "काकू सोबत आहेत ना? मग उघडा." एका काकांनी पासवर्ड सांगायला इतके आढेवेढे घेतले की आम्हाला काही भयंकर वाटलं. शेवटी पुटपुटले, "बायकोचं माहेरचं नाव आहे."

त्या दुपारी मी आणि काकू घराघरांतून फिरलो. इतकी निवांत दुपार माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आली असेल. कुलूप उघडायचं. आत बंद घराचा तो उबट वास, डांबरगोळ्यांचा, रिकाम्या फ्रिजचा. काकू सरळ बाल्कनीत तुळशीकडे जायच्या, मी चादर काढून वायर जोडायची. कम्प्युटर घुरघुरत जागा व्हायचा तोवर बाहेरून मातीचा ओला वास यायचा. परक्या घरात असूनही परकं वाटत नव्हतं. एका भिंतीवर दरवाज्याशी मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, त्यातली एक माझी होती. मी कधी उभी राहिले होते तिथे, आठवेना.

काकूंना एकच धास्ती. "चालू ठेवून कुलूप लावून जायचा? आग लागात गो!" त्यामुळे त्या बसल्याच नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवत प्रत्येक जिना चढत-उतरत राहिल्या, दार उघडून कम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मला विचारायच्या, "जास्त तापलो नाय मा?"

मला जुन्या दिवसांचे गळे काढायचे नाहीत. आजचा स्पीड मला हवाच आहे. माझ्या मुलुंडच्या शेजारणीच्या दाराला बोट लावून उघडायचं कुलूप आहे, आणि कुंड्यांना पाणी घालणारं यंत्र. ती गावाला जाते तेव्हा मला काहीच करावं लागत नाही. सुखाचंच आहे ते. फक्त मे महिन्याच्या दुपारी कधी कधी वाटतं, कुणीतरी एक किल्ली हातात देऊन जावं.

संध्याकाळपर्यंत पट्टी धावत सुटली होती. आकडे असे पळत होते की बाबांनी खुर्ची आणून समोरच ठाण मांडलं. आणि अगदी शेवटाशी येऊन ती पुन्हा अडकली. एवढंसं उरलेलं. सगळी घरं चालू, तरी ते एवढंसं येईना. काकूंची गाडी दुसऱ्या दिवशीची. सामान बांधून दाराशी ठेवलेलं.

निखिलने सगळ्यांची नावं परत मोजली. सामंत चालू, गोगटे चालू. मग त्याचा चेहरा एकदम पडला.

"काय झालं रे?"

"माझं."

"तुझं तर चालूच आहे ना?"

"चालू आहे. पण मी देणं बंद करून ठेवलंय. फक्त घेणं चालू. त्याने स्पीड वाढतो असं वाचलं होतं कुठेतरी."

"वाढला?"

"घंटा वाढला," म्हणत तो चप्पल न घालताच वर पळाला. आई मागून ओरडली, "अरे, सावकाश! पडशील!" त्याच्या धावण्याचा आवाज चौथ्या मजल्यावर पोचून थांबला. थोड्या वेळाने पट्टी हलली, आणि बाबा खुर्चीतून उठून म्हणाले, "झालं."

इमारतीत जे होते ते सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. काकूंना मधली खुर्ची दिली. मी सशांचे नाच, फॅन्सी ड्रेस, सगळं पुढे ढकलत गेले आणि मंडप दिसला. लाल पडदा. पेटी वाजली. काका आले. लग्नाचा शालू, कपाळाला मोठं कुंकू, अंबाड्यावर गजरा. राजा सिंहासनावर लोळत होता. राणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पदराने मानेचा घाम टिपला आणि म्हणाली, "महाराज, पाणी येऊन गेला. तुमी लोळा. राज्य काय, आपसूक चालतला!"

टेपमधला मंडप हसला. आम्ही हसलो नाही. आम्ही सगळे पडद्यावरून नजर काढून काकूंकडे बघत होतो. तो कमरेवरचा हात, मान टिपायची ती तऱ्हा, बोलताना उजवी भुवई वर जाणं. राणी चालायला लागली, डाव्या पायावर किंचित भार देत. मग चुलीपुढे बसल्याचा अभिनय करत स्वतःशीच पुटपुटायला लागली, कुणाला किती भाकऱ्या, कोण अजून आला नाही.

काकूंच्या हातातला रुमाल खाली पडला.

"ह्या माझा बोलणा आसा," त्या म्हणाल्या. "ही मी गो."

आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्हा सगळ्यांना माहीत होतं, काकू. दर वर्षी तुम्हीच असायचात. काका हात जोडून सांगायचे, हिला कळू देऊ नका, शालू देणार नाही."

काकू पडद्याकडेच बघत होत्या. तिथे राणी आता दाराशी उभी राहून वाट बघत होती, एका हाताने चौकट धरून.

"इतकी वर्सा माका वाटला, हेनी माझ्याकडे कधी मान वर करून बघूकच नाय," त्या हळू म्हणाल्या. "बघीत होते. सगळा बघीत होते."

टाळ्या झाल्या, लाल पडदा पडला. बाबा उगाच पंख्याकडे बघत होते.

"परत लाव," काकू म्हणाल्या.

मी परत लावलं. काकूंनी खुर्ची पुढे ओढली, अगदी समोर, आणि काका पडद्यावर यायच्या आत घाईघाईने स्वतःचा पदर सारखा केला.